मेलेलं रबर

२२ जानेवारी

वहिनी,

पत्राच्या सुरुवातीला जे काही लिहायची पद्धत असते ते सगळं लिहिलंय असं समज आणि पुढे वाच.

मोबाईलवर तुला काही विचारलं तर 'हं' येतं, फार झालं तर 'ठीक'. धाकट्याला फोन केला तर तो म्हणतो, वहिनी बरी आहे. बरी म्हणजे कशी, हे त्यालाही धड सांगता येत नाही. म्हणून शेवटी कागद घेतला. तुझं माझं पहिल्यापासून कागदावरच जमलं. लग्न होऊन आलीस तेव्हा घरातले सगळे तुझ्याशी ओरडून बोलायचे, जसं काही ओरडलं की बहिऱ्या माणसाला ऐकू येतं. मी एकटीच चिठ्ठ्या लिहून तुझ्यापुढे सरकवायचे. पहिली चिठ्ठी आठवते? मी लिहिलं होतं, "दादा घोरतो का गं?" तू खाली लिहिलंस, "मला कसं कळणार?" बाई गं, काय हसलो होतो आपण.

आता मुद्द्याचं. दादा पुठ्ठ्याची खोकी पोचवायला म्हणून बाहेर पडला आणि गिऱ्हाइकाच्या दारातच कोसळून गेला, हे मला अजून कोणाला सलग सांगता येत नाही. मधेच पाणी प्यावं लागतं. पण खालचं पुठ्ठे कापायचं पंचिंग मशीन त्या दिवसापासून बंद आहे, आणि ते सुरू करायचं तर शेजारच्या दातांच्या डॉक्टरांची तक्रार आडवी येते. दादा असतानाच त्यांनी ती केली होती. मशीनचा ठोका पडला की त्यांची खुर्ची हलते, म्हणे. पेशंटच्या दातात ड्रिल आणि खाली भूकंप. त्यांचंही खरंच आहे म्हणा. पालिकेची नोटीस सांगते, हादरा थांबवा, नाहीतर मशीन गावाबाहेरच्या शेडमध्ये न्या. धाकटा नोकरी सोडून दादाचं काम हातात घ्यायला तयार आहे. पण मशीन शेडमध्ये गेलं तर तोही तिकडेच जाणार, आणि रिकाम्या इमारतीत वर तू एकटी. ते मला चालणार नाही.

आणखी एक. धाकटा सांगत होता, तू दिवसभर वरच्या खोलीत लाकडी जमिनीवर बसून असतेस, दोन्ही तळवे फळ्यांवर टेकवून. चटई दिली तर बाजूला सारतेस. घरचे डॉक्टर म्हणाले आराम करू द्या. मला वाटतं, इतकी वर्षं त्या हादऱ्यांनी तुझ्या अंगात घर केलंय. मशीन बंद झालं तरी तुझ्या अंगातलं थांबत नाहीये. तू काळजी करू नकोस. तुझी नणंद रबराच्या कारखान्यात उगाच हात काळे करत नाही. मशीनच्या चारही पायांखाली असे पॅड बनवून देते की मशीन ढणाढणा चालेल आणि वर तुझ्या कपातला चहासुद्धा हलणार नाही.

उत्तर दे. 'हं' चालणार नाही.

तुझी,
खोडरबर

(दादाने ठेवलेलं नाव आहे. आता तूच वापर, नाहीतर बंद पडेल.)

३० जानेवारी

वन्सं,

पत्र मिळालं. पॅड बनवा. तुम्ही म्हणाल तसं.

मी जेवते. चव लागते असं नाही, पण जेवते. झोप लागते. रडू येत नाही. सगळे मी रडायची वाट बघत होते. त्यांना बरं वाटावं म्हणून तरी रडावं असं मनात आलं, पण जमलं नाही. तुमच्या आत्याबाई जाताना म्हणाल्या, धीराची आहे. मी त्यांच्या ओठांवरून वाचलं. धीर वगैरे काही नाही. परवा गरम चहा हातावर सांडला. कातडी लाल झाली तेव्हा कळलं.

खोकी चिकटवायचं काम बंद आहे. खळीचं भांडं वाळून गेलंय. घासायला पाहिजे.

एक विचारते. भिंत एखादी गोष्ट थांबवते ते कळतं. रबर तर मऊ. ते हादरा कसं थांबवणार?

वहिनी

६ फेब्रुवारी

वहिनी,

बघ, तू प्रश्न विचारलास! मला इतका आनंद झाला की लॅबमध्ये सगळ्यांना सांगत सुटले, माझ्या वहिनीने रबरावर प्रश्न विचारलाय. आता भोग फळं. सगळं सांगणार.

रबर हादरा थांबवत नाही. गिळतं.

आमच्याकडे एक मशीन आहे. रबराची पट्टी दोन चिमट्यांत धरायची आणि हळूहळू ओढायची. जितकी ओढ तितकी पडद्यावर रेघ वर चढते. मग तितक्याच हळू सोडायची. रेघ खाली येते, पण गेली त्या वाटेने नाही. थोडी खालून येते. दोन रेघांच्या मधे एक पानासारखा आकार उरतो. म्हणजे तू ओढताना जेवढं दिलंस, तेवढं तिने परत केलं नाही. मधलं पान तिने स्वतःकडे ठेवलं. पुस्तकात ह्याला हिस्टेरिसिस म्हणतात. नवीन आलेला प्रत्येक जण ऐकून विचारतो, बाई, हा कसला आजार? आम्ही लॅबमध्ये सरळ 'पोट' म्हणतो. ह्या रबराचं पोट मोठं, त्याचं लहान.

ठेवलेलं जातं कुठे? रबर आतून गरम होतं, बस. रबर म्हणजे लांबच लांब धाग्यांचा गुंता. न विंचरलेले केस समज. ओढलं की ते एकमेकांच्या अंगाला घासत सरकतात, आणि सोडल्यावर त्यांना आपली जुनी जागा पटकन सापडत नाही. त्या सगळ्या घासण्यात तो हादरा खर्ची पडतो.

आता काही रबर असं असतं की घेतलं तेवढं जवळजवळ सगळं परत देतं. पान अगदी बारीक. त्याला आम्ही जिवंत रबर म्हणतो. आणि एक असतं ज्याचं पोट भलंमोठं. काहीही द्या, गप्प. ते मेलेलं रबर. नाव वाईट आहे, पण गुणी असतं. तुझ्या पॅडसाठी तेच घेतलंय. ह्या पत्राबरोबर दोन चेंडू पाठवतेय, एक जिवंत रबराचा, एक मेलेल्या. दिसायला जुळी भावंडं. टाकून बघ म्हणजे मी फेकाफेकी करत नाहीये हे कळेल.

पॅडच्या नमुन्याची चाचणी आज केली. ह्यातही एक गंमत आहे. नवीन रबराची पहिली ओढ आम्ही मोजत नाही. पहिल्यांदा ओढल्यावर ते जे सैल होतं, ते पुन्हा कधी तितकं ताठ होत नाही. म्हणून आधी चार-सहा वेळा ओढून घ्यायचं, त्या रेघा टाकून द्यायच्या, आणि मग जे येईल ते खरं धरायचं. आमचे साहेब म्हणतात, पहिलं दुखणं मोजायचं नसतं. साहेबांचं काही ऐकू नकोस, त्यांना दर वाक्यात काहीतरी शहाणपण सांगायची खोड आहे.

खळीचं भांडं घास गं. वास मारत असेल.

तुझी,
खोडरबर

१५ फेब्रुवारी

वन्सं,

चेंडू मिळाले. पहिला टाकला तो कपाटाखाली गेला. अजून काढलेला नाही. दुसरा पडला तिथेच राहिला. परत टाकला, परत तिथेच. बराच वेळ टाकत होते. मला तो आवडला. त्याला काही करावं लागत नाही.

पहिल्या ओढीच्या रेघा टाकून देता असं लिहिलंत. मग माझंही आत्ता काही मोजू नका. फोनवर भावोजींना रोज विचारता, काही फरक आहे का. त्यांना काय सांगावं कळत नाही. ते जिन्यात उभे राहून माझ्याकडे बघत बसतात आणि फोनवर काहीतरी बोलतात.

भांडं घासलं.

वहिनी

१२ मार्च

ताई,

मी कधी पत्र लिहीत नाही, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. शिवाय वहिनी म्हणजे वहिनी, तिच्याविषयी तिच्यासमोर फोनवर बोलायचं मला बरं वाटत नाही. ती ओठ वाचते.

पॅड बसवले. मशीन जॅकने उचलताना माझी कंबर मोडली ते तुझ्या हिशेबात धर. गेल्या सोमवारी मशीन सुरू केलं. दातांचे डॉक्टर स्वतः आले, पाण्याचा ग्लास भिंतीजवळच्या स्टुलावर ठेवला आणि त्याच्यात डोळे घालून बसले. पाणी ढिम्म. मग म्हणाले, चालू आहे ना नक्की? मी म्हटलं, बोट घालून बघा. पालिकेच्या माणसानेही बघून सही दिली. मशीन आता इथेच राहणार. खोडरबर, मानलं तुला.

वहिनीचंही बरं आहे. जमिनीवर हात टेकवून बसणं बंद झालं. आता काम संपलं की पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असते. म्हणजे आराम चालू आहे. कापलेले पुठ्ठे मी वर नेऊन ठेवतो, संध्याकाळपर्यंत खोकी चिकटवून तयार असतात. एक कोपरा वाकडा नाही. काम करते म्हणजे सावरतेय, असं मी धरतो. जेवण मात्र मी वर नेलेलं अर्धं तसंच खाली येतं. विचारलं की मान हलवते.

बाकी ठीक.

धाकटा

१८ मार्च

वहिनी,

धाकट्याने पत्र लिहिलं! माझ्या जन्मात पहिल्यांदा. आधी घाबरलेच, मग वाचून टुणकन उडी मारली. मी म्हटलं होतं की नाही? चहासुद्धा हलणार नाही म्हटलं होतं.

साहेबांना सांगितलं तर त्यांनी ते पॅड आता कारखान्याच्या यादीत टाकायचं ठरवलं. मी मनात म्हटलं, हे माझ्या वहिनीसाठी बनवलेलं आहे, नाव देणार असाल तर तिचंच द्या.

आता तू लिही. कसं वाटतं? डोकं शांत आहे का? जेवण अर्धं का ठेवतेस? दादा असता तर समोर बसून भरवलं असतं तुला, आणि तू हाताला चावली असतीस. मला सगळं लिही, मी पोस्टमनची वाट बघतेय.

तुझी,
खोडरबर

२ एप्रिल

वन्सं,

तुम्ही खूश आहात म्हणून लिहायला उशीर केला.

मशीन सुरू झालं तेव्हा मी जमिनीवरच बसले होते, हात टेकवून. भावोजी जिन्यातून वर आले आणि अंगठा वर करून दाखवला. मला वाटलं, पॅड बसवून झाले. मशीन चालू आहे हे त्यांनी कापलेले पुठ्ठे वर आणून ठेवले तेव्हा कळलं.

मी जमिनीला हात लावून बसायचे ती हादऱ्यांना भिऊन नाही. मशीन सुरू व्हायची वाट बघत होते.

घरात कोण आहे, दार कोणी उघडलं, नळ चालू राहिलाय का, हे तुम्हाला कानांनी कळतं. मला ह्या फळ्यांमधून कळायचं. सकाळी शटर वर गेलं की आधी टाचांना समजायचं. मग मोटर. मग ठोके. मी वर खळ लावत बसले की खाली ते आहेत हे मला सबंध दिवस माहीत असायचं. बघायला जावं लागायचं नाही. तुम्ही ज्याला हादरा म्हणता तो मला कधी हादरा वाटलाच नाही.

आता फळ्या फळ्यांसारख्या आहेत. मोटर कधी सुरू होते, कधी बंद होते, समजत नाही. हात लावून काही उपयोग नाही म्हणून पलंगावर पडते.

तुमच्यावर रागवायला पाहिजे असं वाटलं. थोडा वेळ प्रयत्न केला. राग आला नाही. तुम्ही मायेने केलंत.

वहिनी

७ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र मी गाडी लावायच्या जागेत उभी राहून वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. पहारेकरी विचारायला आला, बाई, चक्कर आली का?

माझ्या अकलेचं दिवाळं निघालं. दुसरं काय म्हणू? इतकी वर्षं तुझ्याबरोबर राहिले, तू पाठमोरी असताना मी खोलीत आले की तू न वळता हात वर करायचीस, आणि मला कधी विचारावंसं वाटलं नाही की तुला कळतं कसं. आमच्या धंद्यात हादरा म्हणजे रोग. जिथे दिसला तिथे मारायचा. मी तो मारला आणि वर टाळ्या मागितल्या.

पॅड काढायला सांगितले असते आजच. पण काढले की डॉक्टरांचा ग्लास हलणार आणि मशीन चाललं शेडमध्ये. मग तुझ्याखाली मशीनच नाही. म्हणजे पॅड तर राहायलाच हवेत. रविवारचा दिवस डोकं खाजवण्यात गेला. आता नीट वाच.

खालच्या खोलीच्या मधोमध तो खांब आहे ना, वरच्या तुळईला टेकलेला? ती तुळई बरोबर तुझ्या खोलीखालून जाते, आणि डॉक्टरांची भिंत तिच्यापासून लांब आहे. मशीनच्या अंगापासून त्या खांबापर्यंत एक लोखंडी पट्टी टाकायची. खाली जमिनीत जाणारं सगळं मेलेलं रबर गिळत राहील, पण पट्टीतून थोडं खांबात, खांबातून तुळईत आणि तुळईतून तुझ्या फळ्यांत जाईल. लोखंडाला लोखंड सरळ जोडलं तर खडखडून बोल्ट तुटेल, म्हणून मधे रबराचा एक तुकडा लागेल. आणि तो जिवंत रबराचा. घेईल ते परत देणारा.

तो मी काल स्वतः बनवला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. चाचणीला लावला तर जाणारी रेघ आणि येणारी रेघ जवळजवळ एकमेकींवर. साहेबांनी विचारलं, ही कुठली ऑर्डर? म्हटलं, घरची. ते पहिल्यांदाच काही शहाणपण न सांगता निघून गेले.

मला खरी भीती सांगू? तू अशी हळूहळू विझत जाशील आणि धाकटा फोनवर सांगत राहील, बरी आहे. दादा गेला. तूही गेलीस तर मला चिठ्ठ्या लिहायला कोणी उरणार नाही. हा तुकडा बसला की सगळं पूर्वीसारखं होईल बघ.

धाकट्याला पट्टीचं माप कळवलंय.

तुझी,
खोडरबर

१४ एप्रिल

वन्सं,

तुकडा पाठवू नका.

कारण लिहिते. भावोजींना सांगू नका, त्यांना वाटेल हिचं डोकं फिरलं.

ते गेले हे मला माहीत आहे. मी त्यांना शेवटचं बघितलं, तुम्ही माझा दंड धरून उभ्या होतात. पण माहीत असणं डोक्यात आहे, खाली उतरत नाही. पुठ्ठे वर येतात. कापलेले, डायच्या साच्याने घडीच्या रेघा पाडलेले, पूर्वी यायचे तसेच. मी खळ लावते. खाली काही हलत नाही. मग मन म्हणतं, असतील खाली. पॅडमुळे कळत नाहीये एवढंच.

मी हे खरं धरते असं नाही. पण खोटंही कोणी म्हणत नाही. ह्यात माझे दिवस जातात. दुखत नाही. तुम्ही बनवलेले पॅड चांगले आहेत, वन्सं. ते तसेच राहू द्या. मला आता काही कळायला नको.

वहिनी

२१ एप्रिल

वहिनी,

तुझ्या पत्राला लगेच उत्तर लिहिलं होतं. ते फाडलं. त्यात मी तुझ्यावर ओरडले होते, आणि तुझ्यावर ओरडून आजवर कोणाला काही मिळालेलं नाही.

तो खाली नाही, वहिनी. एवढं वाक्य लिहायला मला तीनदा पेन खाली ठेवावं लागलं. तो माझाही दादा होता. मी इथे पहाटेपासून रबर मळते, ओढते, भाजते, साहेबांशी भांडते, आणि सगळ्यांना वाटतं, बाई खंबीर आहे. मलाही तुझ्यासारखंच झालंय. फक्त मी बडबड करते म्हणून कोणाला दिसत नाही.

पण तुझ्यावर जबरदस्ती मी एकदा केली, न विचारता. आता नाही. तुकडा पाठवलाय. धाकट्याला सांगितलंय की पट्टी बसव, तुकडा बसव, पण खांबाकडचा बोल्ट सैल ठेव. सैल आहे तोवर वर काही येणार नाही. पाना जिन्याखालच्या खिळ्याला लटकावून ठेवायला सांगितलाय. आवळायचा तर तूच आवळ. कधीच आवळला नाहीस तरी मी काही म्हणणार नाही, आणि फोनवर धाकट्यालाही विचारणार नाही.

हे शेवटचं वाक्य खोटं आहे, विचारणार. पण तुला कळू देणार नाही.

तुझी,
खोडरबर

११ जून

वन्सं,

तुमची मधली दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर लिहिलं नाही. तुम्ही त्यात बोल्टाचा विषय काढला नाहीत, कारखान्यात मांजर व्यायली तेच लिहिलंत. मला समजलं तुम्ही किती जोर लावून गप्प बसला आहात.

आज बोल्ट आवळला.

काही ठरवून नाही. दुपारी भावोजी मशीन बंद करून जेवायला बसले. मी ताट घ्यायला खाली गेले होते. पाना खिळ्यावर दिसला. वाटलं, आवळावा. घट्ट बसला की नाही कळत नव्हतं, म्हणून भावोजींनी उष्ट्या हाताने बघितलं आणि मान डोलावली. मग ते हात धुऊन मशीनकडे वळले. मी वर आले, चप्पल काढली आणि जमिनीवर बसले. हात टेकवायचा धीर झाला नाही. नुसतीच बसले.

आधी टाचांना कळलं. मोटर. मग फळ्या एकदम जाग्या झाल्या. तुमचं रबर चांगलं आहे, वन्सं. अगदी पूर्वीइतकं नाही, पण स्पष्ट. मला हसू आलं. खरंच आलं, गाल ताणलेले मला कळले. मी दोन्ही हात टेकवले. ठोका, ठोका, ठोका. मी डोळे मिटले आणि खळीच्या ब्रशकडे हात नेला, सवयीने.

तुम्हाला हे माहीत नसेल, कारण तुम्ही खाली फार थांबत नव्हतात. त्यांना वाकडा पुठ्ठा चालत नसे. डायखाली जरा तिरका गेला की ते दांडी ओढून तो ठोका रिकामा जाऊ द्यायचे, पुठ्ठा सरळ करायचे आणि मग पुढचा. रिकामा ठोका वर हलका लागतो. पाच भरलेले, एक रिकामा. कधी अकरा भरलेले, मग एक. कधी लागोपाठ दोन रिकामे, तेव्हा समजायचं, चष्मा पुसतायत. तुमचे धाकटे त्यांना म्हणायचे, अशाने दिवसाला शंभर खोकी कमी होतात. ते हसायचे आणि तसंच करायचे. मी वर त्या रिकाम्या ठोक्याला मान वर करायचे. मान मोकळी करायला तेवढी फुरसत पुरायची. बावीस वर्षं माझी मान त्यांच्या हाताने वर झाली.

मी वाट बघितली. भावोजींचा हात चांगला आहे. चलाख आहे. त्यांचा एकही ठोका रिकामा जात नाही. मी म्हटलं, आता जाईल. मग म्हटलं, आता पुढचा. हातातला ब्रश वाळला. ठोके येत राहिले, सगळे भरलेले, एकामागून एक, आणि माझी मान खालीच.

मग मला रडू आलं. आवाज किती मोठा झाला मला कळलं नाही. मोठाच असणार, कारण भावोजी धावत वर आले आणि त्यांच्या मागून शेजारचे डॉक्टर, तोंडाला मास्क, हातात मोजे. इतके महिने मशीनने त्यांचं काही हललं नव्हतं, माझ्या रडण्याने ते आले. त्यांनी माझी नाडी धरली. भावोजी रडायला लागले. मग मशीन बंद करायला खाली धावले, त्यांना वाटलं मशीनमुळेच. मी जिन्यापर्यंत जाऊन हाताने सांगितलं, नको, चालू द्या. ते माझ्याकडे बघत राहिले. मी तोंडाने म्हटलं, चालू द्या. कित्येक दिवसांत मी तोंडाने बोलले नव्हते, कसं ऐकू गेलं कोणास ठाऊक. पण त्यांनी मशीन चालू ठेवलं.

बोल्ट आवळलेलाच राहू द्या. तो सैल करू नका असं मी भावोजींना लिहून दिलंय. सगळं दुखतंय, हातापायांसकट. संध्याकाळपर्यंत मी जमिनीवर बसून त्यांचं मशीन ऐकलं.

वन्सं, तुमचे दादा गेले.

वहिनी